जीएसटी नंबर आला, आता पुढे काय? पुण्यातल्या नवीन दुकानदारांसाठी

माझं बुधवार पेठेत तापकीर गल्लीजवळ इलेक्ट्रिकल मालाचं दुकान आहे, वडिलांनी सुरू केलेलं. आजूबाजूला कोणी नवीन गाळा घेतला की महिन्याभरात तो माणूस येतोच, हातात मोबाईल, मोबाईलवर जीएसटीचं सर्टिफिकेट, आणि विचारतो, दादा हे आलं, आता काय करायचं? बऱ्याचदा तोपर्यंत पहिल्या रिटर्नची तारीख उलटून गेलेली असते. मी सी.ए. नाही, दुकानदारच आहे, पण रिटर्न स्वतः भरतो आणि वर्षाच्या शेवटी सी.ए.कडून सगळं तपासून घेतो, आणि मला मनापासून वाटतं की हे काम दुकानदाराला स्वतःला समजलं पाहिजे, भरायला माणूस ठेवला तरी.

सगळ्यात आधी दोन गोष्टी पक्क्या करा, बाकी सगळं त्यावरच उभं आहे. एक, गिऱ्हाइकाकडून बिलात जो टॅक्स घेतला तो गल्ल्यात पडला तरी आपला नाही, सरकारचा आहे, आपण फक्त सांभाळतोय. दुसरी, खरेदीवर आपण जो टॅक्स दिला तो वजा करून मिळतो खरा, पण समोरच्या व्यापाऱ्याने ते बिल त्याच्या रिटर्नमध्ये आपल्या नंबरवर दाखवलं तरच. या वजावटीलाच क्रेडिट म्हणतात, म्हणजे तुमचं क्रेडिट दुसऱ्याच्या हातात आणि दुसऱ्याचं तुमच्या हातात.

पेठेतले जुने लोक याला अजून सेट-ऑफच म्हणतात, तो व्हॅटच्या काळातला शब्द. महाराष्ट्रात व्हॅट १ एप्रिल २००५ ला आला आणि १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बहुतेक मालावरचा गेला. वडील तेव्हा २३१ नंबरचा फॉर्म भरायचे, आणि जे-वन जे-टू, म्हणजे विक्री आणि खरेदीच्या याद्या, जुळल्या नाहीत म्हणून सेट-ऑफ अडकला की घरात दोन दिवस कोणी मोठ्याने बोलायचं नाही. तेव्हाही भानगड जुळवाजुळवीचीच होती, आता तीच दर महिन्याला करायची इतकाच फरक. बाकी व्हॅट पूर्ण संपलेला नाही हं, पेट्रोल, डिझेल आणि दारूवर अजून आहे, त्यामुळे टेम्पोच्या डिझेलच्या पावतीवर जीएसटीचं क्रेडिट शोधत बसू नका, ते नसतंच.

नंबर लागतो का ते आधी बघा

नुसता माल विकत असाल तर महाराष्ट्रात वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर गेली की नंबर लागतो, सर्व्हिस देत असाल, म्हणजे रिपेअरिंग, डिझाईन, क्लास वगैरे, किंवा माल आणि सर्व्हिस दोन्ही असेल, तर २० लाखांच्या वर. पण महाराष्ट्राबाहेर माल विकणार असाल, अगदी बेळगावला एक खोकं पाठवायचं असेल तरी, पहिल्या रुपयापासून नंबर लागतो. ऑनलाईन ॲपवरून परराज्यात माल जाणार असेल तरी तेच. आणि उलाढाल म्हणजे एका पॅनवरच्या सगळ्या धंद्यांची मिळून, दुकानाचे ३० लाख आणि गोडाऊनवरून परस्पर विकलेले १५ लाख असं वेगवेगळं धरायचं नाही.

मर्यादेच्या खाली असलात तरी स्वतःहून नंबर घेता येतो आणि आमच्या लाईनीत तो घ्यावाच लागतो, कारण कॉन्ट्रॅक्टर आणि वर्कशॉपवाले बिलावर नंबर नसेल तर माल उचलत नाहीत. फक्त एकदा घेतला की एक रुपयाची विक्री झाली नाही तरी रिटर्न चुकत नाही, हे माहीत असून घ्या.

नंबर काढताना

अर्ज जीएसटीच्या सरकारी पोर्टलवर फुकट आहे, सरकारी फी शून्य. पॅन, आधार, फोटो आणि जागेचा पुरावा. अडतं ते जागेच्या पुराव्यावरच, आणि पेठेत तर हमखास, कारण वाड्यातला गाळा पागडीचा, लाईटबिल मालकाच्या वारलेल्या वडिलांच्या नावावर, आणि भाडेकराराची मुदत संपलेली. अर्जात लिहिलेला पत्ता, लाईटबिल किंवा महापालिकेची टॅक्स पावती, आणि भाडेकरार किंवा मालकाचं संमतीपत्र, हे तिन्ही एकमेकांशी जुळलं पाहिजे. पावतीवर घर नंबर आणि करारात सिटी सर्व्हे नंबर असेल तर दोन्ही लिहा. नाव जुनं असेल तर मालकाचं नातं दाखवणारा कागद आधीच जोडा, अधिकाऱ्याने क्वेरी काढायची वाट बघू नका. क्वेरी आलीच तर कामाचे ७ दिवस मिळतात, तेवढ्यात उत्तर गेलं नाही तर अर्ज रद्द होऊ शकतो.

आता माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं. अर्जात मोबाईल नंबर आणि ईमेल स्वतःचाच टाका. शेजारच्या एका दुकानदाराचं सगळं काम एक जण बघायचा आणि त्याने स्वतःचाच मोबाईल टाकलेला, पुढे तो माणूस काम सोडून गेला, सहा-सात महिने रिटर्न गेलं नाही, नोटिसा सगळ्या त्याच्याच ईमेलवर, आणि नंबर रद्द झालाय हे आमच्या शेजाऱ्याला कळलं ते एका गिऱ्हाइकाकडून. लॉगिन आणि पासवर्ड आपल्याकडे हवा, ओटीपी आपल्या फोनवर यायला हवा, भरणारा कोणीही असो.

नंबर आला की तो वाचायला शिका. १५ अक्षरं असतात, पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७, पुढची १० म्हणजे तुमचा पॅन, मग त्या पॅनवरचं हे कितवं रजिस्ट्रेशन ते, मग झेड, आणि शेवटचं अक्षर तपासणीचं. कोणी २७ सोडून दुसऱ्या आकड्याने सुरू होणारा नंबर दिला की लगेच लक्षात यायला हवं की माल परराज्यातल्या रजिस्ट्रेशनवर चाललाय. तुमचं ऑफिस राज्याकडे आहे की केंद्राकडे तेही पोर्टलवर तुमच्या प्रोफाईलमध्ये दिसतं, राज्याचं येरवड्याला एअरपोर्ट रोडवरचं जीएसटी भवन आणि केंद्राचं ससून रोडवर. उगाच चुकीच्या दारात तास घालवू नका, मी घालवलाय.

सर्टिफिकेट दुकानात दिसेल असं लावायचं आणि पाटीवर नंबर लिहायचा, हा नियमच आहे. बँकेचा खाते नंबर पोर्टलवर टाकायला ३० दिवस मिळतात, पण त्याच्या आधी पहिलं आर-वन, म्हणजे विक्रीचं रिटर्न, भरायचं असेल तर त्याआधीच टाकावा लागतो, म्हणून करंट अकाउंटचं काम आधीच लावून ठेवा.

कंपोझिशन की रेग्युलर

उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर माल विकणाऱ्याला कंपोझिशन घेता येतं, उलाढालीवर १ टक्का भरायचा, खानावळ किंवा छोटं हॉटेल असेल तर ५ टक्के. दर तीन महिन्यांनी सीएमपी-०८ भरून पैसे जमा करायचे, तिमाही संपल्यावर १८ तारखेपर्यंत, आणि वर्षातून एकदा जीएसटीआर-४, ३० जूनपर्यंत. सोपं आहे. पण बिलात टॅक्स लावता येत नाही, खरेदीचं क्रेडिट मिळत नाही आणि महाराष्ट्राबाहेर माल विकता येत नाही. माझं मत सरळ आहे, गिऱ्हाईक घरगुती असेल, किराणा, वडापाव, तुळशीबागेतलं दुकान, तर कंपोझिशन चांगलं. गिऱ्हाईक धंदेवाईक असेल तर रेग्युलरच घ्या, म्हणजे बिलात टॅक्स लावायची आणि क्रेडिट घ्यायची नेहमीची पद्धत, कारण त्याला तुमच्याकडून क्रेडिट मिळालं नाही तर तो शेजारच्या दुकानात जाणार. पुढचं सगळं रेग्युलरवाल्यांसाठी.

बिल बरोबर तर अर्धं रिटर्न झालं

बिलावर तुमचं नाव-पत्ता-नंबर, बिल नंबर, तारीख, समोरच्याचं नाव आणि त्याचा जीएसटी नंबर असेल तर तो, मालाचा एचएसएन कोड (मालाच्या प्रकाराचा ठरलेला नंबर), किंमत, दर आणि टॅक्स. उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर धंदेवाल्यांच्या बिलावर एचएसएन चार आकडी पुरतो, आमच्याकडे वायर ८५४४, स्विच-प्लग ८५३६, पंखा ८४१४. बिलाची सिरीज सलग पाहिजे आणि एका आर्थिक वर्षात तोच नंबर दुसऱ्यांदा येता कामा नये. काही जण पाडव्याला वहीपूजन करून बिलाचे नंबरही एकपासून सुरू करतात, ते करू नका, पूजा पाडव्यालाच करा पण नवीन सिरीज १ एप्रिलला.

महाराष्ट्रात विकलं तर टॅक्सचे दोन भाग, १८ टक्क्यांचे ९ सीजीएसटी (केंद्राचा) आणि ९ एसजीएसटी (राज्याचा). परराज्यात गेलं तर सगळे १८ आयजीएसटी. इथे चूक झाली की पैसे चुकीच्या खात्यात जातात. दर कोणता ते स्वतः बघा, जुन्या बिलावरून उतरवू नका, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ आणि २८ चे टप्पे गेले आणि मुख्यतः ५, १८ आणि काही मोजक्या वस्तूंना ४० एवढेच राहिले. एसी २८ चा १८ झाला, फरसाण १२ चं ५ झालं, आणि तरी बऱ्याच दिवसांनंतरही मला जुन्या दराची बिलं येत होती कारण समोरच्याने सॉफ्टवेअरमध्ये बदललंच नव्हतं.

काउंटरवर टॅक्ससकट भाव सांगत असाल तर आतला टॅक्स काढताना नवीन माणूस चुकतो. ११८० चा पंखा विकला तर ११८० चे १८ टक्के काढायचे नाहीत, ११८० ला ११८ ने भागून १८ ने गुणायचं, १८० रुपये येतात. हे १८० तुमचे नाहीत.

मालाबरोबर ई-वे बिलाचं, म्हणजे वाहतुकीसाठी ऑनलाईन काढायच्या कागदाचं पण बघा. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात टॅक्स धरून १ लाखाच्या वरचा माल आणि परराज्यात ५० हजारांच्या वरचा माल निघाला की गाडी सुटण्याआधी ते काढायचं. टेम्पो चाकणला पोचल्यावर नाही.

महिन्याचं चक्र: ११, १४, २०

या तीन तारखा दुकानातल्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहा. ११ ला जीएसटीआर-१, म्हणजे आर-वन, मागच्या महिन्यात तुम्ही काय विकलं त्याची यादी. १४ ला पोर्टल तुमच्यासाठी जीएसटीआर-२बी, म्हणजे टूबी तयार करतं, दुसऱ्यांनी तुम्हाला काय विकलं त्याची यादी. २० ला जीएसटीआर-३बी, म्हणजे थ्रीबी, हिशोब करून पैसे भरायचे.

उलाढाल ५ कोटींपर्यंत असेल तर तीन महिन्यांनी एकदा रिटर्न भरायची सोय आहे, क्यूआरएमपी म्हणतात त्याला. त्यात आर-वन तिमाहीनंतर १३ ला आणि थ्रीबी महाराष्ट्राला २२ ला. पण पैसे तीन महिने ठेवता येत नाहीत, पहिल्या दोन महिन्यांचे पैसे पुढच्या महिन्याच्या २५ पर्यंत चलनाने भरायचेच. नवीन माणसाला वाटतं तीन महिन्यांनी एकदा म्हणजे बरं, आणि घरगुती गिऱ्हाईक असेल तर खरंच बरं आहे. पण धंदेवाल्यांना विकत असाल तर त्यांची बिलं दर महिन्याला १३ पर्यंत आयएफएफ नावाच्या सोयीतून चढवा, नाहीतर त्यांचं क्रेडिट तीन महिने लटकतं आणि फोन तुम्हाला येतात. मी स्वतः मासिकच भरतो, चूक झाली तर ती महिन्याचीच असते.

आर-वनमध्ये जीएसटी नंबरवाल्या गिऱ्हाइकांची बिलं एकेक करून जातात, नंबर नसलेल्यांची दरवार एकत्र बेरीज. शेवटी एचएसएनचा गोषवारा, तोही आता धंदेवाले आणि घरगुती असा वेगळा द्यावा लागतो, आणि किती नंबरपासून किती नंबरपर्यंत बिलं फाडली आणि किती रद्द केली ते. रद्द बिलं फाडून फेकू नका, जपून ठेवा.

आर-वन भरताना घाई करू नका असं मी का म्हणतो ते सांगतो. भोसरीच्या एका वर्कशॉपचं १,१८,००० चं बिल मी सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या भावाच्या फर्मवर टाकलं, नावं सारखी, लिस्टमध्ये एकाखाली एक. बिलाचा कागद बरोबर, माल बरोबर, पण रिटर्नमध्ये नंबर दुसऱ्याचा. त्यांच्या टूबीत बिल दिसेना, आणि त्यांनी माझ्या पेमेंटमधून १८,००० कापून ठेवले. त्यांची काही चूक नव्हती, त्यांना तेवढं खिशातून भरायला लागलं होतं. आर-वन भरल्यावर त्याच महिन्यात दुरुस्तीसाठी आता जीएसटीआर-१ए आहे, थ्रीबी भरण्याआधी करायची, पण गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबरच चुकला असेल तर ती दुरुस्ती त्यात होत नाही, पुढच्या महिन्याच्या आर-वनमध्येच होते. तेव्हापासून मी १० तारखेला आर-वनचा प्रिंट काढतो, बायकोला बिलबुक घेऊन बसवतो, ती नंबर मोठ्याने वाचते आणि मी टिक करतो. अर्धा तास जातो, पण पेमेंट अडकत नाही.

१४ ला बसायचं

नवीन लोक हाच भाग सोडून देतात आणि पैसे इथेच जातात. टूबी डाउनलोड करा, समोर खरेदीची बिलं ठेवा आणि एकेक लावा. तीन ढीग होतात. जुळलेली बिलं, क्रेडिट घ्यायचं. आपल्याकडे बिल आहे पण टूबीत नाही, म्हणजे समोरच्याने चढवलं नाही किंवा चुकीच्या नंबरवर चढवलं, त्याचं क्रेडिट या महिन्यात घ्यायचं नाही, त्याला लगेच फोन करायचा आणि व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो पाठवायचा. आणि तिसरा ढीग, टूबीत आहे पण माल आपण घेतलेलाच नाही. ते क्रेडिट फुकट मिळालं म्हणून घेऊ नका, पुढे व्याजासकट परत द्यावं लागतं. ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर आयएमएस नावाची जागा आहे, तिथे असं बिल नाकारता येतं.

टूबीत दिसलं म्हणजे प्रत्येक क्रेडिट घेता येतं असंही नाही. हॉटेलात जेवलेलं, घरासाठी घेतलेलं, स्वतःला फिरायला घेतलेली कार, भेट म्हणून वाटलेल्या वस्तू, यांचं मिळत नाही. दिवाळीला गिऱ्हाइकांना मिठाईचे बॉक्स देता ना, त्याचंही नाही. आणि उधारीवाल्यांनो, सप्लायरचं बिल १८० दिवसांत चुकतं केलं नाही तर घेतलेलं क्रेडिट परत करावं लागतं, नंतर पैसे दिले की पुन्हा घेता येतं. एका वर्षाचं राहिलेलं क्रेडिट पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंत घेता येतं, त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न आधी भरलं तर तेव्हापर्यंतच. त्यानंतर ते गेलं.

मी सगळं १४ लाच करत नाही. गुरुवारी भोसरी एमआयडीसी बंद असते, माझं मोठं गिऱ्हाईक तिकडचंच, म्हणून गुरुवारी सकाळी दुकान शांत असतं, तेव्हा आठवड्याची विक्री आणि खरेदी उतरवून टॅक्सचा फरक काढतो आणि तेवढे पैसे दुसऱ्या बचत खात्यात टाकून देतो. २० तारखेला पैसे शोधत फिरायला लागत नाही.

थ्रीबीचा हिशोब, आकड्यांसकट

समजा एका महिन्यात महाराष्ट्रात ४,००,००० चा माल विकला, १८ टक्क्यांचा. म्हणजे सीजीएसटी ३६,००० आणि एसजीएसटी ३६,०००. बेळगावला ५०,००० चा गेला, आयजीएसटी ९,०००. एकूण देणं ८१,०००. खरेदी पुण्यातून २,००,००० ची, त्याचं क्रेडिट १८,००० अधिक १८,०००, आणि दिल्लीहून १,००,००० ची, आयजीएसटी क्रेडिट १८,०००. एकूण क्रेडिट ५४,०००.

क्रम ठरलेला आहे. आयजीएसटीचं क्रेडिट आधी संपवायचं, त्यातले ९,००० आयजीएसटीच्या देण्यात गेले, उरलेले ९,००० सीजीएसटी आणि एसजीएसटीत हवे तसे वाटा, आपण निम्मे-निम्मे धरू, ४,५०० आणि ४,५००. मग सीजीएसटीचं क्रेडिट सीजीएसटीला, एसजीएसटीचं एसजीएसटीला. या दोघांची अदलाबदल होत नाही, एकीकडे पैसे पडून असले आणि दुसरीकडे कमी पडले तरी नाही. उरलं १३,५०० आणि १३,५००, म्हणजे २७,००० रोख भरायचे.

आता दिल्लीवाल्याने बिल चढवलंच नाही असं धरा. क्रेडिट ३६,००० च राहिलं आणि भरायचे झाले ४५,०००. माल तोच, विक्री तीच, एका फोनच्या आळसाने १८,००० जास्त गेले. पुढे मिळतील, पण या महिन्यात कामगाराचा पगार कुठून द्यायचा?

चलन करताना सीजीएसटी, एसजीएसटी, आयजीएसटी यातल्या कोणत्या हेडखाली किती ते नीट भरा. चुकलं तर पीएमटी-०९ फॉर्मने पैसे एका हेडमधून दुसऱ्यात हलवता येतात, घाबरू नका. एकट्याच्या मालकीचा धंदा असेल तर ओटीपीने रिटर्न सबमिट होतं, प्रायव्हेट लिमिटेड किंवा एलएलपी असेल तर डिजिटल सही लागते. आणि जुलै २०२५ पासून थ्रीबीतला विक्रीचा टॅक्स आर-वनमधून आपोआप येतो आणि तिथे हाताने बदलता येत नाही, म्हणून वर म्हटलं की आर-वनलाच वेळ द्या.

गाळ्याच्या भाड्याचं विसरू नका

हे पेठेत फार जणांना लागू आहे आणि फार जणांना माहीत नाही. तुमचा जीएसटी नंबर आहे, गाळा भाड्याचा आहे आणि मालकाकडे नंबर नाही, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून त्या भाड्यावरचा १८ टक्के टॅक्स तुम्ही भरायचा, रिव्हर्स चार्ज म्हणतात. कंपोझिशनवाल्यांना यातून १६ जानेवारी २०२५ पासून सूट आहे, रेग्युलरवाल्यांना नाही. भाडं २०,००० असेल तर ३,६००. हे पैसे क्रेडिटमधून वळते करता येत नाहीत, रोखच भरायचे, पण भरलेले ३,६०० त्याच महिन्यात क्रेडिट म्हणून घेता येतात. वरच्या उदाहरणात बघा, ३,६०० रिव्हर्स चार्जचे आणि बाकीचे २७,००० ऐवजी २३,४००, बेरीज २७,००० च. म्हणजे खिशातून जास्त काहीच जात नाही, पण दाखवलं नाही तर पुढे व्याज लागतं. थ्रीबीत ३.१(डी) मध्ये देणं आणि ४(ए)(३) मध्ये क्रेडिट, आणि मालकाचं बिल नसतं म्हणून स्वतःच सेल्फ इनव्हॉइस बनवून ठेवायचा. ट्रान्सपोर्टवाल्याने टॅक्स लावला नसेल तर त्याच्या भाड्याचंही असंच काहीसं असतं, त्याचं बिल नीट वाचा.

उशीर झाला तर

थ्रीबीला दिवसाला ५० रुपये लेट फी, काहीच व्यवहार नसेल तर २०. वरची मर्यादा आहे, निल असेल तर ५००, उलाढाल दीड कोटीपर्यंत असेल तर एका रिटर्नला २,०००. रोख भरायच्या रकमेवर वर्षाला १८ टक्क्यांनी व्याज वेगळं, २७,००० दहा दिवस उशिरा भरले तर साधारण १३३ रुपये. आकडा लहान वाटतो, पण खरा त्रास पुढे आहे, थ्रीबी राहिलं की पुढच्या महिन्याचं आर-वन भरता येत नाही, म्हणजे तुमच्या गिऱ्हाइकांचं क्रेडिट अडकलं, मग ई-वे बिल बंद, आणि मासिकवाल्याने सलग सहा महिने भरलं नाही तर नंबर रद्द होऊ शकतो. तीन वर्षांहून जुनं रिटर्न तर पोर्टल आता भरूच देत नाही. पैसे नसतील तरी आर-वन वेळेवर टाका, त्याला पैसे लागत नाहीत. निल रिटर्न तर मोबाईलवरून एसएमएसनेही जातं, त्याला सबब नाही.

नोटीस आली की दुकान बंद होतंय असं समजू नका. सुरुवातीला येतात त्या बहुतेक जुळवणीच्या असतात, आर-वन आणि थ्रीबीत फरक असेल तर डीआरसी-०१बी, टूबीपेक्षा क्रेडिट जास्त घेतलं असेल तर डीआरसी-०१सी. सात दिवसांत फरक भरा किंवा कारण लिहा. उत्तर न देणं हीच चूक, मग आर-वन अडतं. पोर्टलवर नोटिसा दोन जागी येतात, 'नोटिसेस अँड ऑर्डर्स' आणि 'ॲडिशनल नोटिसेस', दोन्ही उघडून बघायची सवय लावा, मी गुरुवारीच बघतो.

वर्षाच्या शेवटी

उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर वार्षिक रिटर्न जीएसटीआर-९ भरायला लागत नाही, त्यावर असेल तर ३१ डिसेंबरपर्यंत. भरायचं नसलं तरी मार्च संपल्यावर वहीतली विक्री, आर-वनची बेरीज आणि थ्रीबीची बेरीज एकमेकांपुढे मांडून बघा, सी.ए.ला हेच लागतं आणि इन्कम टॅक्सलाही. आणि प्रोफेशन टॅक्स वेगळा आहे, तो जीएसटीत येत नाही, मालकाचा वर्षाला २,५०० चा पीटीईसी ३० जूनपर्यंत भरायचा, नंबर आल्यावर नवीन लोक नेमका हाच विसरतात.

कागद ठेवायचे किती दिवस, तर त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या तारखेपासून ७२ महिने. मी वर्षाची एक बॉक्स फाईल करतो, महिन्याला एक प्लास्टिक फोल्डर, त्यात विक्रीची बिलं, खरेदीची बिलं, टूबीचा प्रिंट, चलन आणि दोन्ही रिटर्नच्या पावत्या. थर्मल पेपरवरची बिलं असतील तर आल्या दिवशीच झेरॉक्स काढून मूळ बिलाला टाचा, ती काही महिन्यांत पांढरी पडतात.